रस्त्यांवरची ड्रोन फवारणी : पार्श्वभूमी

विमानातून फवारणीची पहिली नोंद ३ ऑगस्ट १९२१ची, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली. झाडांवरच्या अळ्या मारण्यासाठी तेव्हा शिसेयुक्त विषाची भुकटी उधळली होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये भातशेतीसाठी मानवरहित हेलिकॉप्टर आले. २०१५च्या अखेरीस साधारण दहा लिटरची टाकी वाहणारा आठ पंख्यांचा चिनी ड्रोन बाजारात आला आणि फवारणी ड्रोनचा खरा प्रसार सुरू झाला. इथवरचा सगळा इतिहास पिकांचा आहे. रस्ते, चौक, बसथांबे यात कुठेच नाहीत.

ते आले २०२०च्या सुरुवातीला. कोरोनामुळे चीनमध्ये टाळेबंदी लागली आणि शेतावरचे ड्रोन गावांवर आणि वसाहतींवर वळवले गेले. टाकीत कीटकनाशकाऐवजी क्लोरीनचे द्रावण गेले, बाकी यंत्र तेच राहिले. मार्चमध्ये एका प्रयोगशाळेतला निष्कर्ष जगभर पोहोचला : प्लास्टिक आणि स्टेनलेस स्टीलवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत टिकू शकतो. प्रयोग बंद खोलीतला होता, हा तपशील बातम्यांमध्ये मागे पडला. एप्रिलपर्यंत भारतासह अनेक देशांतल्या शहरांवर ड्रोन फिरू लागले. प्रशासन काहीतरी करते आहे हे छपरांवरून दिसत होते, आणि त्या दिवसांत दिसण्याला मोठी किंमत होती.

मग १५ मे २०२०ला जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आले : रस्ते, बाजार अशा उघड्या जागांवर फवारणी किंवा धुरळणी करू नये. धूळ आणि घाण जंतुनाशकाला निष्प्रभ करतात. जागा स्वच्छ असली तरी फवाऱ्याने सगळा पृष्ठभाग हवा तितका वेळ भिजत नाही. रस्ते आणि पदपथ हे संसर्गाचे साठे मानले जात नाहीत. शिवाय हे रसायन डोळे, त्वचा आणि श्वसनमार्गाला अपायकारक आहे.

या सल्ल्यावर टीका झाली ती अशी की, हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा थोडी फवारणी बरी. पण हिशेब मांडला तर ती ‘थोडी’ म्हणजे किती, ते कळते. शेतातला ड्रोन हेक्टरी साधारण दहा ते वीस लिटर द्रव टाकतो. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, तेव्हा चौरस मीटरला एक ते दोन मिलिलिटर. सारखे पसरले तर हा थर एक-दोन मायक्रॉनचा होतो, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास. पिकावर हे चालते, कारण तिथे औषध दाट असते आणि वाळल्यावरही पानावर काम करत राहते. हायपोक्लोराइटचे, म्हणजे क्लोरीनच्या त्या द्रावणाचे, तसे नाही. ०.१ टक्का द्रावण असेल तर पृष्ठभाग निदान मिनिटभर ओला राहावा लागतो, आणि उन्हात तापलेल्या डांबरावर मायक्रॉनभर थर त्याआधीच उडून जातो. थेंब मोठे करावेत तर टाकी लवकर रिकामी होते. बारीक ठेवावेत तर वारा ते शेजारच्या खिडकीत नेतो. मे महिन्याचा सल्ला अतिसावध नव्हता. उशिराचा मात्र होता.

त्याच महिन्यात आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उन्हाळ्यातल्या उन्हाइतक्या कृत्रिम प्रकाशात लाळेसदृश द्रवातला ९० टक्के विषाणू सुमारे सात मिनिटांत निष्क्रिय झाला. म्हणजे दिवसा उघड्यावर ड्रोन जे करू पाहत होता, त्यातले बरेच ऊन फुकटात करत होते. याची चर्चा ७२ तासांच्या आकड्याच्या पासंगालाही पुरली नाही.

फवारणी लगेच थांबली नाहीच. अमेरिकेत नियामकांची भूमिका अशी होती की, उत्पादनाच्या लेबलवर त्या पद्धतीचा उल्लेख नसेल तर ड्रोनने जंतुनाशक मारू नये. तरी त्याच वर्षी अटलांटातल्या एका मोठ्या स्टेडियमने सामन्यांनंतर खुर्च्यांवर ड्रोन फिरवले. तिथे निदान प्रेक्षक नसत आणि खुर्च्यांना लोकांचे हात खरेच लागत. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकी आरोग्य यंत्रणेने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी धरली. तरीही २०२२च्या टाळेबंदीत शांघायच्या रस्त्यांवर जंतुनाशक मारले जात होते.

ड्रोन मात्र सार्वजनिक आरोग्याच्या कामातून गेले नाहीत. २०२५मध्ये दक्षिण चीनमध्ये चिकनगुनियाची साथ आली तेव्हा गच्च्यांवर साचलेले पाणी शोधायला तेच उडवले गेले. कॅमेरा लावून.