गोराईच्या वाळूत बर्फाची प्रॅक्टिस

माझ्या मावसभावाने मनालीकडच्या एका छोट्या एमटीबी (माउंटन बाईक, म्हणजे डोंगरातल्या सायकलिंगच्या) रेसमध्ये नाव टाकलं, एप्रिलमधली, आणि रूटवर देवदारांच्या जंगलातला चारेक किलोमीटरचा पट्टा बर्फाचा आहे हे त्याला फी भरून झाल्यावर कळलं. मावशी म्हणाली, "अरे, तुला डोंबिवली स्टेशनपर्यंत खड्डे चुकवत जाता येत नाही नि बर्फात कसला जातोस!" तिचं काही चुकत नव्हतं. पठ्ठ्याने आयुष्यात बर्फ बघितलाय दोनच ठिकाणी, फ्रीजरमध्ये आणि गोळेवाल्याकडे.

पण गोळेवाला इथे चांगला मास्तर आहे, मस्करी नाही करत. तो बर्फ किसतो, काडीभोवती मुठीने दाबतो आणि गोळा टिकतो, कारण किसलेल्या कणांना थोडंसं पाणी सुटलेलं असतं, ते मधल्या फटींत अडकून पृष्ठताणाने कणांना एकमेकांकडे खेचून धरतं आणि कण जिथे टेकतात तिथे थोडे गोठून चिकटतातही. आता त्याच्यावर काला खट्टा जरा जास्त ओतून बघा, तोच गोळा काडीवरून सुटून बदकन चपलेवर. थोडं पाणी धरून ठेवतं, जास्त पाणी सुटं करतं. वसंतातल्या बर्फावर सायकल चालेल की रुतेल ते ह्याच्यावरच ठरतं.

बर्फाचा अभ्यास करणाऱ्यांनी ह्याचे आकडेही ठरवलेत. साचलेल्या बर्फात आकारमानाच्या ३ टक्क्यांपर्यंत पाणी असेल तर तो ओलसर, ३ ते ८ ओला, ८ ते १५ फार ओला आणि १५ च्या वर गेला की त्याची झाली रबडी (हा शब्द माझा, त्यांचा नाही). ओलसर बर्फ टायरखाली दाबला जाऊन घट्ट होतो, रबडीत पुढचं चाक बसतं आणि आपण हँडलवरून पुढे.

गंमत म्हणजे एकाच जागेवरचा बर्फ एका दिवसात हे सगळे अवतार दाखवतो. पहाटे वरून कडक पापुद्रा, दहाच्या सुमारास ओलसर, दुपारी रबडी, रात्री परत कडक. आणि ऊन पडलं म्हणून बर्फ पटकन संपत पण नाही, कारण १ किलो बर्फ नुसता वितळवायला साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवून झालं असतं. त्यामुळे तो तासन् तास शून्यावरच बसून राहतो आणि हळूहळू जास्त जास्त ओला होत जातो.

रात्री किती गोठेल ते आकाशावर. मोकळ्या आकाशाखाली बर्फ आपली उष्णता इन्फ्रारेड किरणांतून वर फेकत राहतो, म्हणून हवा शून्याच्या एक-दोन अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढग आले की गोधडी पांघरल्यासारखं, ती उष्णता बरीचशी परत खाली. आणि मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, हिमाचलवर ढग आणि ताजा बर्फ दोन्ही आणतात. म्हणून मी त्याला सांगून ठेवलंय, रेसच्या आदल्या रात्री मोबाईलमध्ये फक्त किमान तापमान बघून झोपू नकोस, बाहेर ये आणि चांदण्या दिसतायत का बघ.

आता मुंबईत राहून ह्याची प्रॅक्टिस कशी करायची? आरे आणि येऊर चढाला ठीक आहेत, पण ते पायांसाठी. आम्ही गेलो गोराईला. जन्मभर मुंबईच्या आसपास राहून भरती-ओहोटीचं टेबल पहिल्यांदा तेव्हा नीट वाचलं. ओहोटीला पाण्याजवळची ओली वाळू इतकी घट्ट असते की टायरची फक्त नक्षी उमटते, आणि तीच वाळू वर कोरडी, तिथे दहा फुटांत सायकल उभी. गोळ्याचंच गणित, वाळूच्या कणांनाही पाणीच धरून ठेवतं. तर व्यायाम असा की घट्ट पट्ट्यातून वेगात यायचं आणि तिरकं कोरड्या वाळूत शिरायचं, न पडता, परत परत.

पहिल्या दिवशी तो अकरा वेळा पडला. मी मोजत होतो, भाऊ आहे ना. चूक एकच, चाक डगमगलं की हँडल जोरात फिरवायचा. मऊ जमिनीत पुढचं चाक आपल्यापुढे वाळूचा छोटा ढीग ढकलत असतं, ते आडवं केलं की ढीग अजून मोठा होतो आणि तोच ब्रेक लावतो. वजन थोडं मागे, हात सैल, नजर लांब. दुसरी गोष्ट गिअरची. पेडल आडवं असताना चाकाला जोर सगळ्यात जास्त मिळतो आणि वर-खाली असताना जवळजवळ काहीच नाही, म्हणजे जड गिअर दाबत गेलात तर मागच्या चाकाला झटके बसतात आणि एकेक झटका खालचा थर तोडतो. हलका गिअर, गोल पाय. (घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर खारं पाणी चेन खाऊन टाकेल.)

वाळू एक गोष्ट मात्र शिकवत नाही, घसरणं. शाळेत आपल्याला सांगितलेलं की दाबामुळे बर्फ वितळतो म्हणून घसरायला होतं. आता हे बघा, बर्फाचा वितळणबिंदू फक्त १ अंशाने खाली आणायला वातावरणाच्या १३० पटींहून जास्त दाब लागतो, आपल्या टायरमध्ये असतो एक-दोन पट. खरं कारण असं की बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्यांसारखे पक्के बांधलेले नसतात, तिथे पाण्यासारखा पातळ थर असतो, हे मायकेल फॅरडेने १८५० मध्येच सुचवलं होतं, आणि घर्षणाच्या उष्णतेने त्यात भर पडते. शून्याजवळ हा थर चांगला जाड, कडाक्याच्या थंडीत बारीक. म्हणजे वसंतातला सकाळचा कडक बर्फ उणे २० च्या बर्फापेक्षा जास्त लबाड. तिथे टायरला खिळे हवेत, नाहीतर उतरून चाला.

हवेचं गणित मला सगळ्यात आवडलं, म्हणून थोडं थांबतो. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा, मागच्या चाकावर साधारण ५४. टायरमध्ये ३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असेल तर जमिनीला टेकतो तो भाग ढोबळमानाने २५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे अर्धं एटीएम कार्ड. हवा १५ वर आणा, पूर्ण कार्ड. तेच वजन दुप्पट जागेवर, म्हणून कमी रुततं. फॅट बाईकवाले चार इंची टायर घेऊन ५ ते १० पीएसआयवर जातात ते ह्याच्यासाठीच. साध्या टायरमध्ये एवढं खाली गेलात तर बर्फाखालच्या पहिल्याच दगडावर रिम ठोकली जाईल.

भाऊ म्हणाला, मग हवा इथूनच सेट करून नेतो. हिशोब केला. हवा मोजायचा गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब तेवढाच दाखवतो. मुंबईत ३३ अंशांना गेजवर २५, त्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवले की आतला खरा दाब ३९.७. शून्य अंशाला तो होतो ३५.४. पण मनाली २०५० मीटरवर, तिथे बाहेरची हवाच फक्त ११.५ ने दाबते, म्हणून गेज दाखवेल २४ च्या आसपास. थंडीने काढून घेतलं ते उंचीने परत दिलं! खरा घोळ तिथे पोचल्यावर होतो, हॉटेलच्या उबदार खोलीत २० अंशांना २० भरलीत आणि पहाटे उणे ५ मध्ये बाहेर काढलीत तर साडेसतराच्या आत. १५ ते २० च्या पट्ट्यात अडीच पीएसआय म्हणजे भरपूर, आणि माणूस उगाच पंक्चर शोधत बसतो. हवा बाहेर, थंडीत चेक करायची.

शरीराचं थोडक्यात. मनालीत प्रत्येक श्वासात ऑक्सिजन मुंबईच्या ७८ टक्के, आणि नव्या तांबड्या पेशी अंगात वाढायला आठवडे लागतात, तेव्हा चार दिवस आधी जायचं आणि तरी दम लागेल हे धरून चालायचं. मुंबईकराला घाम लवकर आणि भरपूर येतो, तिकडे तोच वैरी, कारण पाणी हवेपेक्षा २५ पट उष्णता वाहून नेतं. शून्य अंशात ३० च्या स्पीडने उतरलात की अंगाला उणे साडेसहासारखं लागतं आणि खाली घामाने भिजलेला कॉटनचा बनियन! चढताना जॅकेट उघडं, माथ्यावर पोचल्या पोचल्या बंद. चिक्की नेऊ नका, थंडीत दात मागते, खजूर न्या. आणि गॉगल. वाळू अतिनील किरण १५ टक्के परत फेकते, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत, शिवाय दर हजार मीटरला ते किरणच साधारण १० टक्के वाढतात. त्रास काही तासांनी सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखा.

सगळं झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली जी आधीच यायला हवी होती. रेस सकाळी आठला सुटणार. पुढचे लोक बर्फाच्या पट्ट्यावर नऊपर्यंत पोचतील, कडक पापुद्र्यावरून सुसाट जातील आणि वर तो उकरूनही ठेवतील. आमचा हिरो तिथे साडेअकराला. म्हणजे ट्रेल एकच असली तरी हळू जाणाऱ्याच्या वाट्याला वेगळाच बर्फ येतो, आणि त्याच्यावर टायर, गिअर, हवा कशाचाच इलाज नाही. तिथे सायकल उचलूनच न्यावी लागणार. म्हणून सध्या तो रोज संध्याकाळी सायकल खांद्यावर घेऊन बिल्डिंगचे चार मजले चढतोय, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला दोनदा सांगितलंय की अरे, लिफ्ट चालू आहे.