हवाई शीतमालवाहतूक

हवाई शीतमालवाहतूक : ताजे मासे, मटण, फळे, भाजीपाला व गोठवलेले पदार्थ ठरावीक तापमान राखून विमानाने परदेशी पोचवण्याची व्यवस्था. जहाजापेक्षा भाडे कितीतरी जास्त पडत असल्याने ती दोनच प्रकारच्या मालाला परवडते : ज्याचे आयुष्यच काही दिवसांचे आहे असा, आणि ज्याला ताजेपणाचीच किंमत मिळते असा. नॉर्वेचा सामन मासा, केनियाची फरसबी, मुंबईहून आखातात जाणारे शेळ्या-मेंढ्यांचे थंड मटण आणि कोकणचा हापूस ही तिची ठळक उदाहरणे. नाशिकची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवली की कित्येक आठवडे टिकतात; त्यामुळे युरोपला जाणारी द्राक्षे बहुतांशी रीफर म्हणजे शीतयंत्रणा असलेल्या कंटेनरमधून समुद्रमार्गेच जातात.

तापमान : ‘थंड माल’ म्हटले की एकच आकडा गृहीत धरण्याची चूक नवखे निर्यातदार हमखास करतात. ताजी मासळी बर्फात, शून्य ते दोन अंश सेल्सिअसला ठेवतात. थंड मटणाला शून्य ते चार अंश लागतात. गोठवलेल्या मालासाठी उणे 18 अंश हा सर्वमान्य आकडा आहे. हापूस मात्र साधारण 12–13 अंशांच्या खाली गेला की त्याला थंडी बाधते : साल काळवंडते, फळ नीट पिकत नाही, चव उतरते. मासळीच्या खोलीत आंबा ठेवून चालत नाही तो एवढ्याचसाठी. वासाचा प्रश्न वेगळाच.

गोठवलेला माल विमानाने फारसा जात नाही. उणे 18 अंशांना तो महिनोन्‌महिने टिकतो, मग घाई कशाला? अमेरिकेतल्या भारतीय दुकानांच्या फ्रीझरमध्ये दिसणारे पराठे आणि मोदक सहसा जहाजानेच आलेले असतात. विमानाने जातात ते नमुने, प्रदर्शनाचा माल आणि तातडीच्या ऑर्डरी.

थंडावा कुठून येतो : विमानाचा मालकक्ष म्हणजे फ्रीज नव्हे. काही विमानांत कक्षाचे तापमान मर्यादित प्रमाणात ठरवता येते, पण उणे 18 अंश तिथे मिळत नाहीत. माल आधीच थंड करायचा आणि तो थंडावा वाटेत जपायचा, हे या व्यवसायाचे मूळ सूत्र. पेटी थर्मासचे काम करते. आत गरम माल भरला तर ती गरमीच जपते. त्यामुळे पॅक हाऊसमधल्या (माल निवडून पेट्यांत भरण्याच्या जागेतल्या) पूर्वशीतकरणाला, म्हणजे पेट्यांमधून थंड हवा जोराने खेचून फळाच्या गाभ्यातली उष्णता काढण्याला, फार महत्त्व आहे. रीफर ट्रकही माल थंड करण्यासाठी नसतो, थंड ठेवण्यासाठी असतो.

बॅटरीवर चालणारे, स्वतःची शीतयंत्रणा असलेले कंटेनरही मिळतात, पण त्यांचे भाडे औषधांना आणि लसींना परवडते. अन्नपदार्थांसाठी ते क्वचितच घेतात. खाद्यमालाची भिस्त थर्मोकोल, जेल पॅक, पॅलेटवर (पेट्या रचायच्या सपाट फळीवर) टाकायचे चकचकीत उष्णतारोधक आच्छादन आणि कोरडा बर्फ यांवर असते.

कोरडा बर्फ म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. त्याचे तापमान उणे 78.5 अंश. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. एका किलोपासून सुमारे 500 लिटर वायू सुटतो. म्हणून पेटी हवाबंद केली तर फुटू शकते, आणि बंद मालकक्षात वायू साठला तर जिवावर बेतू शकते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या (आयाटा) नियमांत तो यूएन 1845 या क्रमांकाचा, नवव्या वर्गातला धोकादायक माल आहे. एका पेटीत जास्तीत जास्त 200 किलो चालतो, पेटीवर त्याचे निव्वळ वजन लिहावे लागते आणि वैमानिकाला त्याची लेखी सूचना दिली जाते. प्रवाशाला सामानातून 2.5 किलोपर्यंत नेता येतो, तोही विमान कंपनीची परवानगी घेऊन. एकाच कक्षात जिवंत जनावरे असतील तर कोरड्या बर्फाचा माल कुठे आणि किती ठेवायचा यावर बंधने येतात.

मासळीचा त्रास निराळा. बर्फाचे खारट पाणी गळून विमानाच्या धातूला गंज चढू शकतो, म्हणून ‘ओल्या मालाला’ गळती न होणारी पेटी आणि आत पाणी शोषणारा थर लागतो.

धावपट्टीवरचा तास : बाहेरच्या माणसाला विमानप्रवास अवघड वाटतो, पण या साखळीतला तो बराच निर्धोक टप्पा आहे. माल बिघडतो जमिनीवर. शीतगृहातून निघालेले पॅलेट विमानाच्या पोटात चढेपर्यंत उघड्यावर थांबते. मे महिन्यात मुंबई विमानतळाच्या सहार इथल्या कार्गो संकुलातून बाहेर पडलेल्या थंड पेट्यांवर दमट हवेमुळे पाणी धरते. पुठ्ठा मऊ पडतो आणि खालच्या थरातल्या पेट्या वरच्या ओझ्याने बसतात. उड्डाण लांबले की हा तास दोन-तीन तासांचा होतो. पेटीत ठेवलेला डेटा लॉगर दर काही मिनिटांनी तापमान नोंदवतो. नंतर भरपाईचा वाद झाला तर आलेखातला उंचवटा नेमका कोणाच्या ताब्यात असताना आला, ते त्यावरून काढता येते.

हापूसचे उदाहरण : हवाई निर्यातीत तापमानाइतकाच कीड-नियंत्रणाचा प्रश्न किती अवघड असतो ते हापूसवरून दिसते. प्रत्येक देशाची अट वेगळी. युरोपसाठी आंबा 48 अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवतात, जपानसाठी उष्ण बाष्पाची प्रक्रिया करतात, अमेरिकेसाठी गॅमा किरणांचा किमान 400 ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मारा, म्हणजेच विकिरण, करावा लागतो. अमेरिकेची दारे 2007 मध्ये उघडली, तेव्हा ही प्रक्रिया झाली लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ज्या केंद्राची उभारणी मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून झाली होती तिथे. पुढे राज्य पणन मंडळाने वाशीला विकिरण सुविधा उभारली. अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक तिथे येऊन बसतो. तो नसला की काम थांबते. कोविडच्या काळात हे निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि 2020 व 2021 या दोन्ही हंगामांत अमेरिकेची निर्यात बंद राहिली.

पेटीच्या हवेच्या भोकांना बारीक जाळी लावतात, कारण प्रक्रिया झालेल्या फळावर फळमाशी पुन्हा बसली तर सगळेच फुकट. फळ पूर्ण पिकलेले पाठवत नाहीत. तयार पण कडक असतानाच ते पेटीत जाते. एवढे करूनही साका राहतोच : बाहेरून निर्दोष दिसणारे फळ आतून पांढरट, आंबट निघते.

1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारताचा आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्यावर बंदी घातली. आधीच्या मालात फळमाशी व इतर किडी सापडल्या होत्या. ऐन हंगामात लंडनची बाजारपेठ गेली. पॅक हाऊसची तपासणी कडक केल्यावर जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

कागदपत्रांचा फटका तापमानाहून मोठा बसू शकतो. एअरवे बिल म्हणजे हवाई मालाची पावती, ‘फायटो’ म्हणजे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, मासळी-मटणासाठी आरोग्य प्रमाणपत्र, यांतले एक जरी चुकले तरी माल विमानतळावर अडतो. मे 2025 मध्ये वाशीत विकिरण झालेल्या आंब्याच्या सुमारे 15 खेपा विकिरणाच्या नोंदींत त्रुटी असल्याचे सांगून अमेरिकी विमानतळांवर नाकारण्यात आल्या. परत आणण्याचा खर्च झेपणारा नसल्याने निर्यातदारांनी तो माल तिथेच नष्ट होऊ दिला.

भाडे आणि रिकामी पोटे : वजन आणि आकारमान यांतले जे जास्त भरेल त्यावर भाडे लागते; 6,000 घन सेंटीमीटरला एक किलो असा हिशेब धरतात. 60 × 40 × 40 सेंटीमीटरची थर्मोकोलची पेटी प्रत्यक्षात 12 किलो भरली तरी पैसे 16 किलोंचे. जाड थर्मोकोल लावावा तर भाडे वाढते, पातळ लावावा तर माल तापतो.

या धंद्याला चालना मिळाली ती परतीच्या रिकाम्या विमानांमुळे. जपानहून कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू घेऊन उत्तर अमेरिकेत गेलेली विमाने परत येताना रिकामी असत. जपान एअरलाइन्सने त्यांत भरण्यासाठी माल शोधला तो कॅनडाच्या किनाऱ्यावरचा ब्लूफिन ट्यूना, ज्याला तिथे फारसे कोणी विचारत नव्हते. ऑगस्ट 1972 मध्ये हे मासे टोकियोच्या त्सुकिजी बाजारात लिलावाला आले. आजही बराचसा नाशवंत माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो. 2020 च्या वसंतात प्रवासी उड्डाणे थांबली तेव्हा जगाची हवाई मालवाहतुकीची जवळजवळ निम्मी क्षमता त्यांच्याबरोबर गेली आणि भाडी कडाडली.

पर्यावरण : एक टन माल एक किलोमीटर नेताना विमान जहाजाच्या सुमारे 50 पट कार्बन सोडते. जगातल्या एकूण अन्नवाहतुकीत, टन-किलोमीटरमध्ये मोजल्यास, विमानाचा वाटा अर्धा टक्काही नाही, पण फरसबी किंवा अ‍ॅस्पॅरॅगससारख्या मालाच्या बाबतीत कार्बनचा मोठा भाग त्या एका उड्डाणातूनच येतो. आंबाही जहाजाने नेण्याचे प्रयत्न त्यामुळे आणि भाड्यामुळे चालू आहेत. 2022 मध्ये विकिरण केलेल्या आंब्याचा कंटेनर न्हावा शेवाहून अमेरिकेला समुद्रमार्गे पाठवण्यात आला; त्याला पोचायला सुमारे 25 दिवस लागले.