जीटीए ६ कडून किती अपेक्षा ठेवायच्या? रॉकस्टारच्या मागच्या वीस वर्षांवर एक नजर

जीटीए ६, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो या व्हिडिओ गेम मालिकेचा पुढचा भाग, याची तारीख दोनदा पुढे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला, तेव्हा त्याच्या शेवटी फक्त '२०२५' एवढंच झळकलं होतं. मे २०२५ मध्ये रॉकस्टार या गेम बनवणाऱ्या कंपनीने २६ मे २०२६ ही तारीख दिली आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला ती पुन्हा ढकलून १९ नोव्हेंबर २०२६ केली. दोन्ही वेळी कारण एकच सांगितलं, गेमवर शेवटचा हात फिरवायला आणखी काही महिने हवेत. दोन्ही वेळी चाहते चिडले आणि टेक-टू या मालक कंपनीचा शेअरही पडला.

पण या कंपनीची जुनी कुंडली ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. जीटीए ४ ऑक्टोबर २००७ मध्ये येणार होता, आला २९ एप्रिल २००८ ला. जीटीए ५ २०१३ च्या पूर्वार्धात येणार होता, आला १७ सप्टेंबरला. रॉकस्टारच्याच दुसऱ्या मालिकेतला रेड डेड रिडेम्प्शन २ तर आधी २०१७, मग २०१८ चा पूर्वार्ध असं करत करत २६ ऑक्टोबर २०१८ ला आला. तिन्ही उशिरा आले आणि तिन्ही नावाजले गेले. त्यामुळे तारीख पुढे जाणं ही माझ्या मते या गेमबाबतची सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. रेड डेड २ च्या आधी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रॉकस्टारचे सहसंस्थापक डॅन हाउझर यांनी आठवड्याला शंभर तास काम केल्याचा उल्लेख केला आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. काही महिने उशीर झाल्याने कुणाची तशी फरपट टळणार असेल, तर तो उशीर मला मनापासून मान्य आहे.

खरी अडचण मधल्या काळाच्या लांबीची आहे. जीटीए ३ ऑक्टोबर २००१ मध्ये आला. वर्षभरात व्हाइस सिटी, त्यानंतर दोन वर्षांनी सॅन अँड्रियास, मग साडेतीन वर्षांनी चौथा आणि साडेपाच वर्षांनी पाचवा. पाचव्यानंतर मात्र थेट तेरा वर्षं. जीटीए ५ आला तेव्हा पाचवीत असलेला मुलगा आज कमवता झाला आहे. या काळात तोच गेम सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या, तीन पिढ्यांवर विकला गेला आणि विक्री २० कोटी प्रतींच्या पुढे गेली. इतकी वर्षं नवीन काहीच हाती नसलं की लोक आपापल्या मनातला गेम रचत बसतात. ट्रेलरमधला एकेक पूल, एकेक पाटी मोजून चाहत्यांनी नकाशे तयार केले. प्रत्येक इमारतीत शिरता येईल, प्रत्येक माणसाला स्वतःची दिनचर्या असेल, अशा याद्या फिरू लागल्या. यातलं बरंचसं रॉकस्टारने कधी म्हटलेलंच नाही. उद्या ते गेममध्ये सापडलं नाही, तर 'फसवलं' म्हणून ओरड होईल, आणि ती अन्यायाची असेल.

आपल्याकडे या अपेक्षेला आणखी एक पदर आहे. २००५ च्या आसपास महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत अनेक मुलांनी संगणकावर खेळलेला पहिला मोठा गेम म्हणजे व्हाइस सिटी. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, नाहीतर मित्राकडून आणलेल्या सीडीवरून. वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड लिहिलेले असायचे, 'पॅन्झर' टाइप केलं की समोर रणगाडा उभा. मिशन पूर्ण करणारे थोडे, समुद्रकाठच्या रस्त्यावर मोटरसायकल दामटत फिरणारे जास्त. नवा गेम त्याच शहरात परततो आहे. लिओनायडा या फ्लोरिडावर बेतलेल्या काल्पनिक राज्यात व्हाइस सिटी वसलेली आहे, आणि लुसिया व जेसन ही जोडी नायक आहे. पण जुनं शहर १९८६ मधलं होतं आणि हे आजचं आहे. पहिल्या ट्रेलरमध्ये मोबाइलवर चित्रित केल्यासारखे, सोशल मीडियावर टाकलेले व्हिडिओ दिसतात, त्यावरूनच गेमचा नूर कळतो. शाळकरी वयातली व्हाइस सिटी परत मिळेल या आशेने जो जाईल, त्याच्या हाती नावापलीकडे फारसं काही लागणार नाही.

गेम अर्धवट असताना कसा दिसतो, हे सप्टेंबर २०२२ मध्ये जगाने पाहिलं. रॉकस्टारच्या अंतर्गत यंत्रणेत घुसून एका किशोरवयीन हॅकरने सुमारे ९० क्लिप फोडल्या. पडद्यावर आकडे आणि तपासणीसाठीचा मजकूर, मधेच सपाट भिंती, अडखळत चालणारी पात्रं. लगेच 'हे काय ग्राफिक्स!' अशी टिंगल सुरू झाली. गेममध्ये ग्राफिक्स सगळ्यात आधी तयार होतात, असंही कुणीतरी ठोकून दिलं. तेव्हा इतर स्टुडिओंमधले लोक पुढे आले आणि त्यांनी आपापल्या गाजलेल्या गेमची सुरुवातीची चित्रफीत दाखवली. कंट्रोलसारख्या देखण्या गेमचीही आधीची अवस्था रंग न चढलेल्या ठोकळ्यांचीच होती. खेळाडूंना घडणीची प्रक्रिया दिसतच नाही, त्यांना एकदम सजवलेला ट्रेलर दिसतो, आणि म्हणून अधलंमधलं काहीही पाहिलं की धसका बसतो. गेम कसे बनतात हे स्टुडिओंनी एरवीही मोकळेपणाने दाखवलं असतं, तर त्या आठवड्यातला बराच गोंधळ टळला असता.

आता ट्रेलरकडे येऊ. मे २०२५ च्या दुसऱ्या ट्रेलरबद्दल रॉकस्टारने स्पष्ट सांगितलं की तो संपूर्णपणे प्लेस्टेशन ५ वर, प्रत्यक्ष गेममधूनच टिपलेला आहे आणि त्यात खेळाचा भाग आणि कथेतली दृश्यं निम्मी-निम्मी आहेत. हे महत्त्वाचं आहे, कारण असं न सांगता दाखवण्याची या धंद्यात जुनी खोड आहे. २००५ च्या ई-थ्री या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात किलझोन २ या गेमची जी चित्रफीत गाजली, ती आधीच तयार करून ठेवलेलं ॲनिमेशन होती. २०१२ मध्ये वॉच डॉग्ज जसा दाखवला, तसा तो २०१४ मध्ये हातात आला नाही.

आणि मग सायबरपंक २०७७. आज लोक ताकही फुंकून पितात ते या गेममुळे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने तो २०१२ मध्ये जाहीर केला. २०१९ च्या ई-थ्रीत कियानू रीव्हज मंचावर आला आणि १६ एप्रिल २०२० ही तारीख मिळाली. ती आधी सप्टेंबरवर गेली, मग नोव्हेंबरवर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम 'गोल्ड' झाल्याचं, म्हणजे डिस्क छापायला तयार असल्याचं जाहीर झालं आणि त्याच महिन्यात तारीख पुन्हा तीन आठवड्यांनी ढकलली. १० डिसेंबर २०२० ला तो आला तेव्हा ८० लाख लोकांनी आधीच पैसे भरलेले होते.

चूक कुठे झाली ते नीट बघायला हवं. समीक्षकांना आधी मिळाली ती पीसीची प्रत, आणि स्वतः टिपलेली दृश्यं प्रकाशनाआधी दाखवायला त्यांना मनाई होती. जुन्या प्लेस्टेशन ४ वर आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनवर गेम कसा चालतो, हे विकत घेणाऱ्यांना पैसे भरण्याआधी बघायलाच मिळालं नाही. कंपनीचे प्रमुख मात्र गुंतवणूकदारांना सांगत होते की कन्सोलवर तो आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. प्रत्यक्षात चेहरे धुरकट, रस्ते ओस आणि गेम वारंवार बंद पडणारा. चारच दिवसांत कंपनीला माफी मागावी लागली आणि आठवड्याभरात सोनीने गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, तो थेट जून २०२१ मध्ये परत आला. सप्टेंबर २०२३ मधल्या २.० अपडेटनंतर तो खरोखर उत्तम झाला, हे निःसंशय. पण २०२० मध्ये पूर्ण किंमत मोजणाऱ्याने पावणेतीन वर्षं का थांबायचं?

जीटीए ६ च्या बाबतीत यातून एक नेमका प्रश्न निघतो, तो एक्सबॉक्स सिरीज एसचा. गेम प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी जाहीर झाला आहे. यातल्या सिरीज एसची मेमरी १० जीबी आहे, बाकी दोघांची १६. ट्रेलर प्लेस्टेशन ५ चा आहे. ज्यांच्या घरी सिरीज एस आहे, त्यांनी त्या यंत्रावर टिपलेली दृश्यं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नयेत. सेकंदाला ६० फ्रेमची, म्हणजे पडद्यावर बदलणाऱ्या ६० चित्रांची, आशाही कोणी धरू नये. जीटीए ५ आपल्या पहिल्या कन्सोलवर ३० वर चालायचा, रेड डेड २ ही तसाच, आणि दुसरा ट्रेलरही ३० फ्रेमचाच आहे. इतकं गजबजलेलं शहर चालवताना प्रोसेसरवरच ताण येतो. चित्राची स्पष्टता कमी करून तो ताण हलका होत नाही.

एकट्याने खेळायच्या कथेबाबत मी निर्धास्त आहे. रॉकस्टारने स्वतः घडवलेला मोठा गेम पहिल्या दिवशी कन्सोलवर साफ कोसळला, असं गेल्या वीस वर्षांत झालेलं नाही. ऑनलाइनची गोष्ट निराळी. जीटीए ऑनलाइन, म्हणजे जीटीए ५ चा इंटरनेटवर इतरांसोबत खेळायचा भाग, १ ऑक्टोबर २०१३ ला, मुख्य गेमनंतर दोन आठवड्यांनी सुरू झालं आणि पहिले काही दिवस लोकांना आत शिरताच येईना. सुरुवातीच्या शर्यतीतच कित्येक जण अडकून बसायचे, काहींची तासन्‌तास खपून घडवलेली पात्रं सर्व्हरवरून नाहीशी झाली. भरपाई म्हणून रॉकस्टारने खेळाडूंना गेममधले पाच लाख डॉलर दिले. २०१८ मध्ये रेड डेड ऑनलाइनही 'बीटा' म्हणजे चाचणीची आवृत्ती म्हणून महिन्याभराने आलं. तिथे खेळाडूंना मिळणारी गेममधली कमाई इतकी तुटपुंजी होती की ओरड झाल्यावर हिशेब बदलावे लागले. त्यामुळे नव्या गेमचा ऑनलाइन भाग पहिल्या दिवसापासून सुरळीत चालेल, हे गृहीत धरून कोणी सुट्टी टाकू नये.

त्याच ऑनलाइनने आणखी एक गोष्ट गिळली. २०१३ च्या अखेरीस रॉकस्टारने मायकल, फ्रँकलिन आणि ट्रेव्हर या जीटीए ५ च्या नायकांची कथा पुढे नेणारी भर २०१४ मध्ये घालू असं सांगितलं होतं. ती कधीच आली नाही. ऑनलाइनमधून येणारा पैसा इतका मोठा ठरला की बरंचसं मनुष्यबळ तिकडे वळलं. पुढे जुलै २०२२ मध्ये याच न्यायाने रेड डेड ऑनलाइनचे मोठे अपडेट थांबले, कारण माणसं पुढच्या जीटीएसाठी हवी होती. कथेची जी भर डिस्कवर नाही, ती येईल असं धरून चालू नये.

रॉकस्टारचं नाव असलं म्हणजे सगळं चोख, या समजाला नोव्हेंबर २०२१ मध्ये तडा गेला. जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या जुन्या तीन गेमची नव्याने सजवलेली आवृत्ती दुसऱ्या एका स्टुडिओकडून करून घेतली होती. पात्रांचे चेहरे विचित्र, दुकानांच्या पाट्यांवर चुकीचं स्पेलिंग, आणि पाऊस असा की समोरचा रस्ताच दिसेना. त्यात भर म्हणजे मूळ गेम आधीच विक्रीतून काढून घेतलेले. शेवटी माफी मागून ते पीसीवर परत द्यावे लागले. ते काम मुख्य चमूचं नव्हतं, पण ते विकायचं ठरवणारी कंपनी हीच होती, हे मी विसरायला तयार नाही.

माणसंही बदलली आहेत. जीटीए ३ पासून पाचव्यापर्यंत निर्मितीची धुरा सांभाळणारे लेस्ली बेन्झीज २०१६ मध्ये गेले. बहुतेक भागांचे मुख्य लेखक असलेले डॅन हाउझर मार्च २०२० मध्ये बाहेर पडले. त्यांचे भाऊ सॅम आजही प्रमुख आहेत. ती जुनी, कुणालाच न सोडणारी बोचरी भाषा तशीच ऐकू येईल याची खात्री देता येत नाही. वेगळी भाषा म्हणजे वाईट भाषा असं मी मानत नाही. दोन माणसांच्या प्रेमावर उभी केलेली कथा या मालिकेला नवी आहे आणि मला तीच सगळ्यात आशादायक वाटते.

राहिला पीसी, म्हणजे आपल्याकडच्या अनेक खेळाडूंचा प्रश्न. तारखेच्या कोणत्याही घोषणेत पीसीचा उल्लेख नव्हता, आणि हेही जुन्या शिरस्त्याला धरूनच आहे. जीटीए ४ पीसीवर सात महिन्यांनी आला आणि चांगल्या संगणकांवरही रखडत चालला. जीटीए ५ ला १९ महिने लागले. रेड डेड २ वर्षभराने आला आणि पहिल्या दिवशी अनेकांकडे सुरूच होईना. पहिल्या रेड डेड रिडेम्प्शनला तर २०१० पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत, चौदा वर्षं थांबावं लागलं. दुसऱ्या बाजूने, एप्रिल २०१५ मध्ये आलेली जीटीए ५ ची पीसी आवृत्ती तेव्हा सगळ्यात सरस होती आणि आजही लोक ती खेळतात. ज्यांच्याकडे फक्त पीसी आहे, त्यांनी कन्सोलनंतर किमान वर्षभराची वाट मनाशी धरावी. या गेमसाठी म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं असेल तर पीसीसाठी लागणाऱ्या हार्डवेअरची यादी रॉकस्टारकडून जाहीर होईपर्यंत थांबावं. तोवर त्याच पैशात आजच्यापेक्षा चांगलं कार्ड मिळण्याची शक्यता आहे.