वेब संग्रहण

वेबपाने एखाद्या क्षणी जशी होती तशी उतरवून, तारीख-वेळेसह जपून ठेवण्याच्या कामाला वेब संग्रहण किंवा वेब अर्काइव्हिंग म्हणतात. छापून वाटले गेलेले वर्तमानपत्र परत गोळा करून त्यातली ओळ बदलता येत नाही. वेबपानावरची ओळ मात्र गुपचूप बदलता येते, नाहीतर अख्खे पानच काढून टाकता येते. पुढारी, सरकारे आणि कंपन्या काल काय म्हणाल्या याचा दाखला त्यामुळे त्यांच्याच ताब्यात राहतो. संग्रहणामुळे त्याची एक प्रत तिऱ्हाइताकडे जाते, आणि या कामाचे मोल मुख्यतः एवढ्यासाठीच आहे.

ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था स्थापली. ऑस्ट्रेलिया आणि स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनीही त्याच वर्षी आपापल्या देशातली संकेतस्थळे जपायला सुरुवात केली. इंटरनेट अर्काइव्हचा साठा २००१ मध्ये ‘वेबॅक मशीन’ या नावाने सर्वांना खुला झाला.

क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात पाने, चित्रे आणि मांडणीच्या फाइली उतरवून घेतो. सर्व्हरने दिलेले उत्तर व त्याची वेळ यांसह हे सगळे ‘वार्क’ या स्वरूपात साठवले जाते; २००९ मध्ये ते आयएसओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक झाले. वेबॅक मशीनमधल्या प्रतीच्या पत्त्यात चौदा अंक दिसतात : वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. जुन्या विधानाचा हवाला देताना हे अंक गाळू नयेत. विधान कधी केले गेले हाच अनेकदा वादाचा मुद्दा असतो.

१७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ हे विमान पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. युक्रेनचे लष्करी मालवाहू विमान पाडल्याचा दावा त्याच दिवशी फुटीरतावादी सेनानी इगोर गिरकिन यांच्या नावाशी जोडलेल्या एका समाजमाध्यम पानावर झळकला होता. तो लवकरच काढला गेला, पण त्याआधीच वेबॅक मशीनने प्रत घेतली होती. ते पान खुद्द गिरकिन चालवत नव्हते, असे नंतर सांगितले गेले. शब्द टिकले तरी ते कोणाचे होते, हे संग्रह ठरवू शकत नाही.

ब्रिटनच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाने २००० ते २०१० या काळातली भाषणे आपल्या संकेतस्थळावरून हटवल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. क्रॉलरना मज्जाव करणारी सूचनाही तिथे टाकली होती. त्या काळी वेबॅक मशीन अशी सूचना पाळून आधी घेतलेल्या प्रतीही झाकत असे, त्यामुळे तिथेही ती भाषणे दिसेनाशी झाली. ब्रिटिश लायब्ररीने वेगळ्या प्रती ठेवल्या होत्या, म्हणून ती वाचली. एकाच संस्थेच्या भरवशावर राहणे किती धोक्याचे, हे यातून चांगलेच दिसले.

न्यायालयांच्या निकालांतही वेबपानांचे हवाले असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतल्या सुमारे निम्म्या दुव्यांवर मूळ मजकूर उरला नसल्याचे हार्वर्डच्या अभ्यासकांना आढळले. ही पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा हवाल्यांच्या कायमच्या प्रती ठेवण्यासाठी हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने पर्मा डॉट सीसी ही सेवा चालवली आहे.

संग्रहाला मर्यादाही आहेत. लॉगिनमागची पाने क्रॉलरला बहुधा मिळत नाहीत. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात एखादे वाक्य आले आणि गेले, तर त्याचा मागमूस राहत नाही. म्हणून ‘संग्रहात नाही’ याचा अर्थ ‘म्हटलेच नव्हते’ असा काढणे चूक. शिवाय एका पानाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी उतरवलेले असू शकतात : मजकूर मार्चमधला, तर शेजारचे चित्र जूनमधले. वाचकाला ते एकसंध भासते.

जुन्या शब्दांचा एक प्रश्न मात्र क्रॉलरच्या कक्षेबाहेरचा आहे. युनिकोड ही सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत रुळण्यापूर्वी देवनागरीसह अनेक लिप्यांतली पाने विशिष्ट फाँटच्या आधाराने लिहिली जात. तो फाँट संगणकावर नसेल, तर जपलेल्या पानावर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. शब्द फाइलीत शाबूत असतात, पण वाचता येत नाहीत, शोधूनही सापडत नाहीत. ते पुन्हा वाचायचे तर त्या फाँटमध्ये कोणत्या चिन्हाला कोणते अक्षर नेमले होते, त्याचा तक्ताही पानाबरोबर जपावा लागतो.