रायफलची काडतुसं घरी भरण्यामागचा इतिहास: सगळा खेळ टोपीचा

अमेरिकेत नवीन गेलेल्या आपल्या माणसाला ऑफिसातला कोणी घरी बोलवतो आणि गॅरेजमधे टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेला लोखंडी प्रेस, शेजारी सोनाराकडे असतो तसा इवलासा तराजू आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्यांचा डबा दाखवतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की वापरलेल्या पुंगळ्यांत घरच्या घरी परत दारू-गोळी भरणं कायदेशीर आहे का. तिथे आहे, स्वतःपुरतं असेल तर. विकायला काडतुसं बनवायची तर फेडरल लायसन्स लागतं. पण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते हे, की आपण ज्याला विचित्र छंद म्हणतो तीच खरं तर जुनी रीत आहे, आणि दुकानातून डबा विकत आणणं हीच नंतरची सोय.

कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी लायसन्सवर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्याने पाहिलीये त्याला हे सांगायला नको. नळीतून दारू ओतायची, गोळी किंवा छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं, मागे केप, म्हणजे आपटली की पेटणारी टोपी, लावायची. दर बार म्हणजे हाताने केलेलं रीलोडिंगच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळं जग असंच बार भरत होतं. लष्कराने सोय म्हणून मोजलेली दारू आणि गोळी कागदात गुंडाळून दिली, तेच पहिलं काडतूस, आणि तो कागद दाताने फाडायचा असायचा. एनफिल्डच्या त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून १८५७ ला काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय.

मग आली धातूची पुंगळी. दारू, गोळी आणि पेटवायचा मसाला एकाच पुंगळीत, पाणी लागलं तरी चालेल. पण सुरुवातीच्या रिमफायरमधे, म्हणजे स्मिथ अँड वेसनने १८५७ च्या सुमारास आणलेल्या छोट्या पॉइंट २२ सारख्यात, पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेला असतो. घोडा पडला की कड चेपते, संपला विषय, ती पुंगळी परत भरायला जवळपास निकामी. आजही पॉइंट २२ रिमफायर कोणी घरी भरत बसत नाही ते याचमुळे.

घरी भरणं परत शक्य झालं ते १८६६ च्या आसपास, जेव्हा पेटवणारी टोपी, म्हणजे प्रायमर, पुंगळीच्या बुडाच्या मधोमध वेगळी बसवायला लागले. आता गंमत बघा. इंग्लंडमधे वुलिचच्या सरकारी कारखान्यात एडवर्ड बॉक्सर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने एक डिझाइन काढलं आणि अमेरिकेत हायरम बर्डन याने दुसरं. बॉक्सरच्या पुंगळीला बुडात मधोमध एकच भोक, त्यामुळे आतून सरळ पिन घातली की जुनी टोपी टुप्पकन बाहेर. बर्डनमधे टोपी ज्यावर आपटते तो उंचवटा पुंगळीतच, आणि भोकं बाजूला, सहसा दोन, म्हणजे साध्या पिनेने टोपी निघत नाही, पाण्याचा दाब द्या नाहीतर हुकाने उचकटा. आणि झालं काय, तर इंग्रजाचं डिझाइन अमेरिकेने उचललं आणि अमेरिकनाचं युरोपातल्या सैन्यांनी! अमेरिकेत घरोघरी काडतुसं भरली जातात आणि युरोपात तेवढी नाहीत याला कायदे, खर्च, शिकारीची परंपरा अशी बरीच कारणं असतील, पण हे मधलं भोकही त्यातलं एक, असं माझं मत.

याच्यात आपली खडकीसुद्धा आहे. पुण्याजवळचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि त्याच्या पॉइंट ३०३ काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का असतो. जुनी ली-एनफिल्ड रायफल वापरणारे अमेरिकन तो शिक्का बरोबर ओळखतात, आणि ब्रिटिश लष्करी पद्धतीची ही काडतुसं बहुतेक बर्डनवाली, त्यामुळे पुंगळी फारशी जपतही नाहीत.

परत मागे जाऊ. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी भागात म्हशींची, म्हणजे बायसनची, बेसुमार कत्तल चालली होती, आणि हे शिकारी गावापासून शेकडो मैल लांब. तिथे दुकान कुठलं? शिसं, दारू आणि टोप्या गाडीत घालून न्यायच्या, रात्री शेकोटीपाशी शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायच्या आणि दिवसा झाडलेल्या पुंगळ्या परत भरायच्या. अमेरिकन लष्कराचं पॉइंट ४५-७० काडतूस १८७३ चं (४५ म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, ७० म्हणजे काळ्या दारूचं वजन, ग्रेन या मापात), पण त्याच्या सुरुवातीच्या तांब्याच्या पुंगळीत मसाला आतून बसवलेला असल्याने ती परत भरता येत नव्हती, बाहेरून टोपी बसणारी पुंगळी १८८२ ला आली. १८८४ ला जॉन बार्लोने कनेक्टिकटमधे आयडियल नावाची कंपनी काढली. पकडीसारखं हातातलं एकच अवजार, त्यातच टोपी काढा, बसवा, गोळी दाबा. ही कंपनी १९२५ ला लायमनने घेतली आणि लायमनची अवजारं आजही विकली जातात.

इथपर्यंत सगळं माफ करणारं होतं, कारण काळी दारू. पुंगळी भरली की भरली, चूक करायला जागाच कमी. १८८४ ला फ्रान्समधे पॉल व्हिएलने बिनधुराची दारू काढली आणि सगळं बदललं. ही कितीतरी जास्त ताकदवान, त्यात प्रत्येक प्रकार वेगळ्या वेगाने जळणारा, आणि जुन्या सवयीने पुंगळी काठोकाठ भरणाऱ्यांच्या बंदुका फुटल्या. आज नवशिक्याला आधी दारूच्या मापांचं पुस्तक घे, त्यातलाच आकडा धर, दोन दारू कधी मिसळू नकोस असं जे घोकवतात ना, ते तिथून आलंय. काळ्या दारूला चमच्याचं माप चालायचं, तराजू टेबलावर आला तो या दारूमुळे.

टोपीनेही त्रास दिलाच. जुन्या मसाल्यातला पारा पितळाला लागून पुंगळी ठिसूळ व्हायची, तो काढून पोटॅशियम क्लोरेट वापरलं तर त्याच्या क्षाराने नळी गंजायची. १९२० च्या दशकाच्या शेवटी न गंजवणाऱ्या टोप्या बाजारात यायला लागल्या तेव्हा कुठे जरा निवांत झालं.

आजचा छंद मात्र खरा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. सरकारकडे रायफलच्या दारूचे डोंगर उरलेले. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडनने विम्यावर कर्ज काढून ४८९५ नंबरची दारू टनावारी घेतली, शेतात एका जुन्या रेल्वेच्या डब्यात साठवली आणि विकत सुटला. फ्रेड हंटिंग्टनने कॅलिफोर्नियात आरसीबीएस ही अवजारांची कंपनी युद्ध चालू असतानाच, १९४३ ला काढली होती, नेब्रास्कात जॉइस हॉर्नडीने १९४९ ला गोळ्यांचा धंदा, आणि त्याआधी तो आणि व्हर्नन स्पीअर काय करत होते तर झाडलेल्या पॉइंट २२ रिमफायरच्या त्याच निकामी पुंगळ्या गोळा करून त्यांचे गोळीचे जॅकेट, म्हणजे शिशावरचं धातूचं कवच! युद्धातून परतलेले तरुण, हाताशी गॅरेज, स्वस्त दारू, शिकारीचा सीझन, अजून काय पाहिजे. १९५८ ला विस्कॉन्सिनच्या रिचर्ड लीने हातोडीने ठोकून भरायचा छोटा सेट काढला, आधी शॉटगनसाठी, नंतर रायफलसाठीही, आणि मग प्रेस घ्यायची ऐपत नसणाराही यात आला.

१९६८ च्या फेडरल कायद्याने रिकामी पुंगळी आणि सुटी गोळीसुद्धा ‘ॲम्युनिशन’मधे धरली, १९८६ ला त्यावरचे नियम बरेच सैल केले. भारतात गणित उलटं, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो, बंदुकीच्या लायसन्सवर ते होत नाही, त्यामुळे इकडे कोणी व्हिडिओ बघून प्रयोग करायला जाऊ नये, सरळ जेल आहे.

२०२० मधे कोरोना आला आणि अमेरिकेत काडतुसांचे रॅक रिकामे झाले, तेव्हा हजारो जण पहिल्यांदा प्रेस घेऊन बसले. पुंगळ्या नेमबाजीच्या रेंजवरून वेचून मिळत होत्या, शिसं वितळवून गोळ्या ओतता येत होत्या, दारूही अधूनमधून सापडायची. टोप्या मात्र महिनोन्‌महिने मिळेनात, आणि मिळाल्या तर कितीतरी पट भावाने.