पाते, लिव्हर आणि पोनी इंजिन: जुन्या मोटर ग्रेडरची पार्श्वभूमी

मोटर ग्रेडर म्हणजे मधोमध लांब पाते लावलेले, रस्ता घासून समतल करणारे यंत्र. जुना ग्रेडर चालवलेला माणूस आठवणी सांगू लागला, की इंजिनाच्या अश्वशक्तीवर फार वेळ थांबत नाही. बोलणे लवकरच लिव्हरवर येते. पाते गाडलेल्या दगडावर अडकले की मनगटाला बसणारा हिसका, पात्याचे टोक दिसावे म्हणून तासन्‌तास उभ्याने केलेले काम, थंडीत मोठे इंजिन फिरवण्यासाठी आधी सुरू करावे लागणारे छोटे पेट्रोल इंजिन, म्हणजे पोनी. अमेरिका आणि कॅनडातल्या खडीच्या रस्त्यांवर दोन-तीन पिढ्यांनी हे काम केले. त्यांच्या आठवणी अशाच का आहेत याचे उत्तर यंत्राच्या घडणीत सापडते.

आपल्याकडे अशा आठवणी कमी, आणि त्यालाही कारण आहे. महाराष्ट्रातला जुना रस्ता म्हणजे हाताने फोडलेली खडी, वरून मुरूम, पाणी आणि रोलरची दबाई. १९७२ च्या दुष्काळात हजारो हातांनी खडी फोडली ती याच रस्त्यांसाठी. या पद्धतीत थर माणसे पसरत आणि यंत्राचे काम दाबण्यापुरते असे, म्हणून जुन्या लोकांच्या बोलण्यात रोलर येतो, ग्रेडर येत नाही. उत्तर अमेरिकेत गोष्ट उलटी होती. मैलोन्‌मैल मातीचे रस्ते, माणसे थोडी, आणि प्रत्येक पावसानंतर रस्ता पुन्हा घडीवर आणायचा. तिथे ओढणारे पाते हेच मुख्य अवजार ठरले.

सुरुवात अगदी साध्या लाकडापासून झाली. मिसूरी राज्यातल्या मेटलंडजवळचे शेतकरी डी. वॉर्ड किंग यांनी १८९६ च्या सुमारास ओंडका उभा चिरून त्याचे दोन भाग एकामागे एक बांधले आणि घोड्यांकरवी ते तिरके ओढले. पाऊस पडून गेल्यावर माती ओलसर असताना हा ओंडका फिरवला की चाकोऱ्या बुजत आणि माती कडेकडून मध्याकडे सरकत जाई. पाते तिरके ठेवणे, माती ओली असताना काम करणे आणि रस्त्याचा मध्य उंच राखणे ही आजच्या ग्रेडरची तिन्ही तत्त्वे त्या ओंडक्यात होती.

लोखंडी पात्याचे ओढायचे ग्रेडर तोवर आलेलेच होते. इंडियानाचे जोसेफ डी. ॲडम्स यांनी १८८५ मध्ये झुकणाऱ्या चाकांचा ग्रेडर आणला. तिरके पाते माती एका बाजूला ढकलते, तेव्हा माती यंत्राला उलट्या बाजूला रेटते आणि पुढचा भाग घसरतो. चाकांचा माथा माती वाहते त्या दिशेला झुकवला की हा रेटा पेलला जातो. आजही बहुतेक ग्रेडरची पुढची चाके याच कारणाने झुकतात. नवखा ऑपरेटर हे विसरतो आणि सरळ रेषेत राहण्यासाठी स्टिअरिंगशी झुंजत बसतो.

ओढायच्या ग्रेडरला दोन माणसे लागत. एक घोडे किंवा ट्रॅक्टर हाकणारा, दुसरा मागच्या फळीवर उभा राहून दोन मोठी हातचाके फिरवणारा. एक चाक पात्याच्या डाव्या टोकासाठी, एक उजव्यासाठी. ही दोन टोके वेगवेगळी उचलण्याची पद्धत पुढे लिव्हरमध्ये उतरली. मिनेसोटातल्या रसेल कंपनीने १९१९-२० च्या सुमारास तयार ट्रॅक्टरभोवती ग्रेडरची चौकट बसवून दोन माणसांचे काम एकावर आणले. १९२८ मध्ये कॅटरपिलरने रसेल कंपनी विकत घेतली. १९३१ मध्ये त्यांचा ‘ऑटो पेट्रोल’ आला. इंजिन मागे, ऑपरेटर त्याच्या पुढे, पाते मधोमध आणि सगळे एकाच चौकटीवर. १९३८ चा ‘नंबर १२’ हा त्याच वळणाचा डिझेल ग्रेडर. १२ फुटी पात्याचा हा नमुना सुधारत-सुधारत अनेक दशके विकला गेला. आठवणींमध्ये सर्वांत जास्त येणारे यंत्र हेच.

रस्ता सपाट होतो तो या चौकटीच्या लांबीमुळे. पुढचा ॲक्सल मध्यावर झुलतो. एक पुढचे चाक १० सेंटिमीटर उंचवट्यावर चढले तर ॲक्सलचा मध्य ५ सेंटिमीटर उचलला जातो. पाते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या साधारण मध्ये असल्याने त्याच्यापर्यंत अडीचच सेंटिमीटर पोहोचतात. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाके, ती टॅन्डमच्या, म्हणजे या जोडचाकांच्या, पेटीतल्या साखळीने फिरतात आणि पेटीही मध्यावर झुलते, म्हणून मागचा धक्काही अर्धा होतो. दुसऱ्या फेरीत उरलेला उंचवटा आणखी कमी होतो. लहान, आखूड यंत्राने तोच रस्ता कितीही वेळा घासला तरी ही समतलता येत नाही.

आता लिव्हर. नंबर १२ मध्ये हायड्रॉलिक दाबावर पाते हलत नसे. इंजिनावर चालणारा शाफ्ट ऑपरेटरपुढच्या कंट्रोल बॉक्समध्ये येई, आणि तिथे प्रत्येक हालचालीसाठी एक दातेरी क्लच असे. लिव्हर एका बाजूला टाकला की दाते अडकून लांब शाफ्ट फिरू लागे, दुसऱ्या बाजूला टाकला की तो उलटा फिरे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि गिअर, त्याला जोडलेला दांडा पात्याचे टोक उचलणार किंवा दाबणार. डावे टोक, उजवे टोक, पात्याची गोल कडी म्हणजे सर्कल फिरवणे, पाते बाजूला सरकवणे, चाके झुकवणे, रस्ता उखळणाऱ्या दात्यांचा स्कॅरिफायर उतरवणे, प्रत्येकाला आपला लिव्हर.

क्लच एकतर अडकलेला किंवा सुटलेला, अधलेमधले काही नाही. पाते किती वेगाने हलणार हे इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरे. त्यामुळे बारीक फरक करायचा तर लिव्हरला नुसती टिचकी मारायची: दाते क्षणभर पकडतात, सुटतात आणि पाते केसभर सरकते. चांगला ऑपरेटर नुसते पात्याकडे पाहून टिचकी मारत नसे. सीटखाली आणि टाचांखाली यंत्राचा सूर बदलला की हात आपोआप जाई. हे कसब शिकायला वर्षे लागत, आणि तेच सर्वाधिक सांगितले जाते.

वर्म-गिअरचा मोठा फायदा असा की तो उलटा फिरत नाही. पाते जिथे सोडले तिथेच राहते, दिवसभर खाली ओघळत नाही. तोटाही त्यातच होता. पाते दगडावर आदळले की त्या धक्क्याला मधे कुठे मुरायला जागा नसे, आणि दाते अडकलेले असतील तर तो थेट लिव्हरवर येई. दाते झिजून त्यांचे कोपरे गोलावले की ओझ्याखाली ते स्वतःहून निसटत आणि लिव्हर उसळे. म्हणून जुने लोक लिव्हर मुठीत आवळून धरत नसत. तळवा उघडा ठेवून ढकलत आणि अंगठा दांड्याभोवती गुंडाळत नसत.

पोनी इंजिनाचा खटाटोप का होता, तेही सांगायला हवे. त्या काळच्या कॅटरपिलर डिझेलमध्ये इंधन आधी छोट्या पूर्व-ज्वलन कक्षात पेटे. थंड धातू हवेची उष्णता शोषून घेई, आणि बॅटरीवर एवढे जड इंजिन पुरेसे फिरवणे तेव्हा अवघड होते. म्हणून बाजूला दोन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बसवलेले असे. क्रम असा: पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, पिनियन (पोनीला मोठ्या इंजिनाशी जोडणारे छोटे दातेरी चाक) आणि क्लच सुटे असल्याची खात्री करायची, मग पोनी सुरू. ते तापून नीट चालू लागले की मोठ्या इंजिनाचा कॉम्प्रेशन लिव्हर ‘स्टार्ट’वर ठेवायचा, पिनियन अडकवायचे आणि पोनीचा क्लच हळूच लावायचा. आता मोठे इंजिन दाबाविना नुसते फिरते. ऑइल प्रेशर दिसेपर्यंत थांबायचे. दोन्ही इंजिनांचे पाणी एकच, आणि पोनीचा गरम धूर मोठ्या इंजिनाच्या हवेच्या मार्गाला ऊब देतो. इंजिन पुरेसे कोमट झाले की कॉम्प्रेशन लिव्हर ‘रन’वर टाकायचा आणि डिझेल सोडायचे. इंजिन पेटून वेग घेते तेव्हा पिनियन आपोआप बाहेर फेकले जाते.

पोनी बंद करण्याची रीत मात्र पुष्कळांनी मोडली आणि यंत्रांनी तिची किंमत मोजली. मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी देणारे यंत्र, तोडून ते बंद करायचे नाही. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्यायचे. कॉक उघडा राहिला आणि फ्लोटची सुई गळकी असली, की पेट्रोल रातोरात पोनीच्या क्रँककेसमध्ये उतरते. ऑइल पातळ होते, बेअरिंग जातात. सकाळी ऑइलची कांडी काढून वास घ्यायचा. पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय सुरू करायचे नाही.

मिनेसोटा किंवा कॅनडाच्या प्रेअरीतल्या हिवाळ्यात हाच ग्रेडर बर्फ हटवे. पुढे टोकदार नांगर आणि उजव्या अंगाला लांब पंख लावलेला असे. ऑपरेटरशेजारी पंख उचल-ठेव करणारा एक सहकारी बसे. टपालपेटी, कुंपण, पुलाचा कठडा दिसला की पंख वेळेवर आत घेणे हे त्याचे काम. जुन्या जोड्यांच्या मैत्रीच्या कथा बहुतेक याच हंगामातल्या.

खडीच्या रस्त्यावरचे रोजचे काम बाहेरून सोपे दिसते, पण चुका तिथेच होतात. पाते साधारण ३० ते ४५ अंश तिरके हवे, म्हणजे माल पात्यावर गोळा न होता लोळत पुढे जातो आणि टोकाशी वरंबा पडतो. कापायचे असेल तर पात्याचा माथा मागे कलता ठेवायचा. नुसते पसरायचे आणि मिसळायचे असेल तर पुढे. वेग ताशी ८ किलोमीटरच्या आत. त्यापुढे यंत्र चाकांवर उसळू लागते आणि पाते स्वतःच रस्त्यावर लाटा कोरते. मध्यापासून कडेपर्यंत उतार सुमारे ४ टक्के लागतो. रस्त्याची अर्धी रुंदी ३ मीटर असेल तर कड १२ सेंटिमीटर खाली. डांबरी रस्त्याच्या अंदाजाने कॅम्बर, म्हणजे हा उतार, याहून कमी ठेवला तर पाणी खडीतच मुरते आणि खड्डे पडतात.

पत्र्याच्या छपरासारख्या आडव्या लाटा हा या रस्त्यांचा जुना आजार. कोरडी, सुटी, चिकणमाती कमी असलेली खडी आणि वाहनांचा वेग एकत्र आले की त्या उठतात. चढावर, वळणाआधी आणि थांब्याजवळ जास्त, कारण तिथे चाके जोर लावतात किंवा ब्रेक मारतात. वरवर घासून खाचा भरल्या तर रस्ता दोन दिवस चांगला दिसतो. उंचवटे मात्र घट्टच राहिलेले असतात आणि भरलेला माल सुटा, त्यामुळे पुन्हा तेच. लाटेच्या तळाच्या थोडे खाली कापायचे, सगळा माल सुटा करायचा, ओलसर असताना मिसळून परत पसरायचा. पाऊस पडून एक-दोन दिवस झाले की अनुभवी ऑपरेटर बाकी कामे बाजूला ठेवून रस्त्यावर उतरत ते यासाठी. कोरड्या उन्हाळ्यात केलेली मेहनत बरीचशी धुळीतच जाते.

कटिंग एज ही झिजण्यासाठीच बोल्टने बसवलेली पट्टी. १२ फुटी पात्याला ६-६ फुटांचे दोन तुकडे. ती मध्ये जास्त झिजते, आणि तसेच काम चालू ठेवले तर रस्त्याचा सरळ उतार जाऊन पाठ गोलावते: मध्य सपाट, कडा तीव्र. मग वाहने मधूनच चालतात. पट्टी वेळेवर उलटवायची किंवा बदलायची. आळस केला तर झीज पात्याच्या मूळ पत्र्यात घुसते.

हायड्रॉलिक पद्धत काही नंतर सुचलेली नव्हती. ओहायोतली गॅलियन कंपनी १९२० च्या दशकापासून तिच्या मागे होती. तरीही यांत्रिक लिव्हरला धरून राहणारे पुष्कळ होते, आणि आमच्या मते त्यांचे म्हणणे तेव्हा खोटे नव्हते. सील गळत, व्हॉल्व्ह झिजत, थंड ऑइल सुस्तावे आणि पाते हळूहळू खाली उतरे. सील आणि व्हॉल्व्ह सुधारले तेव्हा तो आक्षेप उरला नाही. १९६७ मध्ये जॉन डियरचा जेडी५७० मध्यावर वाकणाऱ्या चौकटीसह आला. १९७३ मध्ये कॅटरपिलरच्या जी मालिकेने वाकती चौकट आणि हायड्रॉलिक लिव्हर दोन्ही आणले, तेव्हा दातेरी क्लचचे दिवस संपत आले. भारतात बेंगळुरूच्या बीईएमएलने (स्थापना १९६४) बांधलेले ग्रेडरही हायड्रॉलिकच. २००७ च्या सुमारास कॅटरपिलरच्या नव्या ग्रेडरमधून स्टिअरिंगचे चाकसुद्धा जाऊन दोन जॉयस्टिक आल्या.

आजही एखादा नंबर १२ कुठे शेतावर, कुठे जुन्या यंत्रांच्या मेळाव्यात चालतो. असा ग्रेडर हाती आला तर इंजिनाआधी सर्कल पाहावी. पाते जमिनीपासून उचलून एका टोकाला धरून हलवायचे. खडखडाट झाला तर सर्कलचे आधार आणि उचलदांड्यांचे गोल सांधे सैल आहेत. तिथल्या पातळ पत्र्यांच्या चकत्या कमी करून खेळ काढायचा, पण सर्कल अडणार नाही इतपतच. टॅन्डमच्या पेटीतले ऑइल थोडे खालून काढून पाहायचे. त्यात आधी पाणी आले तर साखळीवर गंज असणार. पोनीचा क्लच घसरत असेल तर आधी समायोजन करायचे, चकती लगेच बदलायची नाही. आणि यंत्र उभे करताना पाते जमिनीवर टेकवून ठेवायचे, वर्म कितीही भरवशाचा असला तरी.