दातात चांदी की सिमेंट? निवडीमागचा इतिहास

कोल्हापुरात दाढ किडली की डॉक्टरांना ठरलेला प्रश्न येतो, "चांदी भरायची का सिमेंट?" आता जोडीला निळ्या लाईटने घट्ट करायचं, दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट आलंय. तिन्हींचे दर वेगळे, म्हणून महाग ते चांगलं असा समज होतो. तो खरा नाही. आधीच्या मटेरियलची उणीव भरून काढायला पुढचं आलं आणि येताना स्वतःची उणीव घेऊन आलं. खड्डा तोंडात कुठे आहे, तो कोरडा ठेवता येतो का आणि त्यावर चावण्याचा दाब किती पडणार, यावर निवड ठरते.

सगळ्यात जुनी चांदी, म्हणजे अमाल्गम. चांदी, कथील आणि तांब्याची भुकटी, त्यात जवळजवळ तितक्याच वजनाचा पारा. हुपरीच्या चांदी कारागिराला ही चांदी दाखवली तर तो तिला चांदी म्हणणार नाही. चीनमध्ये सातव्या शतकातल्या औषधग्रंथात अशा मिश्रणाची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दात भरू लागले. 1833 मध्ये क्रॉकूर बंधूंनी हा प्रकार न्यूयॉर्कला नेला आणि कीड नीट न काढताच दात भरण्याचा सपाटा लावला. मिश्रणाचं प्रमाण ठरलेलं नसल्याने ते घट्ट होताना फुगायचं आणि दाताला तडा जायचा. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने 1845 मध्ये सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची शपथ लिहून घेतली. त्या वादात 1856 पर्यंत संघटनाच मोडली. वाद मिटला तो मोजमापाने. 1890 च्या दशकात अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी धातूंचं प्रमाण बसवलं आणि फुगणं आटोक्यात आलं. तरी कथील आणि पारा मिळून होणारं एक कमजोर संयुग आत राहायचं, ते गंजायचं, भरलेल्याच्या कडा तुटायच्या. 1963 नंतर तांबं वाढवलेलं अमाल्गम आलं आणि ही खोडही गेली.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. साधं अमाल्गम दाताला चिकटत नाही, अडकून बसतं. त्यासाठी खड्डा तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद आणि किमान दीड ते दोन मिलिमीटर खोल कोरावा लागतो. म्हणजे किडीबरोबर चांगला दातही जातो.

चिकटण्याची वाट 1955 मध्ये अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी दाखवली. रंग पक्का बसावा म्हणून धातूच्या पत्र्यावर फॉस्फोरिक आम्ल वापरतात, तेच त्यांनी दाताच्या वरच्या कठीण वेष्टनावर (इनॅमलवर) लावून पाहिलं. पृष्ठभाग बारीक खडबडीत झाला आणि रेझिन, म्हणजे घट्ट होणारा प्लास्टिकसारखा पदार्थ, पकडू लागला. 1962 मध्ये राफेल बोवेन यांच्या नव्या रेझिनचं पेटंट झालं. आजची बरीचशी कॉम्पोझिट त्याच घराण्यातली.

कॉम्पोझिट बिघडतं ते बहुतेक वेळा भरण्याच्या पद्धतीमुळे. आम्ल लावून धुतलेल्या जागेवर लाळेचा थेंब जरी आला तरी पकड सुटते. लाईट खोलवर पोचत नाही, म्हणून साध्या कॉम्पोझिटचे दोन-दोन मिलिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर वेगळा पक्का करायचा. घाईत एकदम भरलं तर वरून टणक आणि खाली कच्चं राहतं. शिवाय घट्ट होताना ते आकाराने साधारण दोन-तीन टक्के आकसतं. कडेला फट पडली की गार पाण्याची कळ येते आणि पुढे आतून कीड. दोन दाढांमधली भिंत बांधताना पट्टी आणि पाचर नीट बसली नाही तर फट राहते, आणि मटणाचा धागा रोज तिथेच अडकतो. आधी लवंगतेलाचं तात्पुरतं सिमेंट भरलेलं असेल तर ते पूर्ण काढावं, कारण त्यातलं युजेनॉल रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

पेशंट ज्याला सिमेंट म्हणतात ते बहुधा ग्लास आयोनोमर. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी ते शोधलं, 1972 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतं, फ्लोराइड सोडतं आणि थोडी ओल सहन करतं. दाढेच्या चावण्याच्या भागावर मात्र झिजतं. भुकटीचे चमचे आणि द्रवाचे थेंब मोजूनच घ्यायला हवेत. पातळ कालवलं की ताकद गेली. भरल्यावर वरून व्हार्निश किंवा व्हॅसलीन लावावं, नाहीतर पहिल्या दिवसात लाळेने पांढरट, खडूसारखं पडतं.

आपल्याकडे याची खरी जागा मिश्रीने झिजलेल्या दातांत आहे. वर्षानुवर्षं बोटाने घासून हिरडीलगत खाच पडते. तिथे दाब कमी आणि कोरडं ठेवणं अवघड. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांतही ते सोयीचं. मिश्री चालूच राहिली तर मात्र ते भरलेलंही झिजतं.

चांदी मागे पडण्यात पाऱ्याच्या प्रदूषणाचा मोठा वाटा आहे. पाऱ्यावर आळा घालणारा 2013 चा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार 2017 मध्ये लागू झाला, भारत 2018 मध्ये त्यात आला. युरोपीय संघात 2025 पासून, वैद्यकीय अपवाद सोडून, अमाल्गम भरणं बंद झालं. पण त्यासाठी जुनी, घट्ट बसलेली चांदी उपसून काढू नका. पाऱ्याची वाफ सर्वांत जास्त निघते ती भरताना आणि कोरून काढताना. कड तुटली, खाली कीड लागली किंवा दाताला तडा गेला तरच ती बदलायची, आणि तीही जोराचं पाणी नि सक्शन चालू ठेवून, मोठे तुकडे करून.